कालुग्याचे बहिरे मास्तर

१४ जुलै २०२३ रोजी दुपारी श्रीहरिकोट्याहून ‘चांद्रयान-३’ घेऊन जो अग्निबाण उडाला, त्याचे उड्डाणाच्या वेळचे वजन सुमारे ६४० टन होते. चंद्राकडे निघालेले प्रत्यक्ष यान मात्र चार टनांच्याही आत भरत होते. म्हणजे चार टनांच्या पालखीला सहाशे टनांहून अधिक वजनाचे भोई लागले आणि ते भोईही वाटेतच जळून किंवा गळून गेले. हा हिशेब असा का? थोड्या इंधनात हे काम का भागत नाही? अग्निबाणाचे एकावर एक टप्पे कशासाठी रचतात? या प्रश्नांची उत्तरे रशियातल्या एका लहान शहरातील मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या बहिऱ्या मास्तरांनी १९०३ सालीच गणिताने देऊन ठेवली होती. त्या वेळी विमानदेखील उडालेले नव्हते. राइट बंधूंचे पहिले उड्डाण त्याच वर्षाच्या डिसेंबरातले. या मास्तरांचे नाव कॉन्स्टंटिन एडुआर्डोविच त्सिओल्कोव्हस्की.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. अग्निबाणाच्या शास्त्रावर अधिकाराने बोलण्याचा माझा दावा नाही. परंतु एखादा शोध लागतो तेव्हा तो कोणत्या खोलीत, कोणत्या दिव्याखाली, किती पगारात आणि कोणाच्या जिवावर लागतो, हा प्रश्न विज्ञानाइतकाच आपलाही आहे. म्हणून या थोर पुरुषाचे आयुष्य जसे मला समजले तसे मांडण्याचा हा प्रयत्न.

त्सिओल्कोव्हस्की यांचा जन्म १७ सप्टेंबर १८५७ रोजी रियाझान प्रांतातील इझेव्हस्कोये या खेड्यात झाला. वडील मूळचे पोलिश वंशाचे, जंगलखात्यात नोकरीला. घरात मुले पुष्कळ आणि मिळकत बेताची. दहाव्या वर्षाच्या सुमारास या मुलाला लोहितज्वर झाला. जीव वाचला, पण कानांची शक्ती जवळजवळ गेली. वर्गात गुरुजी काय बोलतात ते ऐकू येईना, सवंगडी खेळायला घेईनात. तेराव्या वर्षी आई गेली. पुढे व्यात्का गावच्या शाळेत तो मागे मागेच पडत गेला आणि १८७३ साली शाळेतून त्याचे नाव काढून टाकण्यात आले. त्यानंतर विद्यार्थी म्हणून कोणत्याही शाळेची वा महाविद्यालयाची पायरी तो कधीच चढला नाही.

घरी वडिलांची थोडी पुस्तके होती, तीच त्याची शाळा झाली. भूमितीच्या पुस्तकात कोन मोजण्याच्या उपकरणाचे वर्णन वाचून त्याने स्वतःच तसे एक उपकरण तयार केले आणि घराबाहेर न पडता आग पाहण्याच्या बुरुजाचे अंतर काढले. मग प्रत्यक्ष जाऊन ते अंतर मोजले, तर उत्तर बरोबर! पुस्तकातल्या विद्येवर त्याचा विश्वास बसला तो त्या दिवशी. ज्याला कोणी शिकवू शकत नव्हते, त्याला पडताळा पाहण्याची गोडी लागली.

मुलाची हुशारी पाहून वडिलांनी सोळाव्या वर्षी त्याला मॉस्कोला पाठवले. महिन्याला दहा-पंधरा रुबल घरून येत. तेथे तो कोणत्या संस्थेत शिकला नाही. चेर्तकोव्ह सार्वजनिक ग्रंथालय फुकट होते, तेथेच तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसे. निकोलाय फ्योदोरोव्ह नावाचे विरक्त वृत्तीचे विचारवंत तेथे ग्रंथपाल होते. त्यांची या बहिऱ्या मुलावर माया जडली आणि ते त्याला हवी ती पुस्तके काढून देऊ लागले. पहिल्या वर्षी अंकगणितापासून बीजगणित-भूमितीपर्यंत आणि पुढे उच्च गणित, यंत्रशास्त्र, खगोलशास्त्र, असा तीन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने आपला आपणच आखला. खाणे म्हणजे केवळ काळा पाव आणि पाणी. उरलेले पैसे पुस्तके, पारा, गंधकाम्ल आणि काचेची भांडी यांत जात. आम्लाचे थेंब पडून विजारीवर पिवळे डाग आणि भोके पडली होती. रस्त्यातली पोरे त्यावरून थट्टा करीत. तीन वर्षांनी मुलगा वाळून गेल्याचे वडिलांना कळले आणि १८७६ साली त्यांनी त्याला घरी बोलावून घेतले.

१८७९ साली बाहेरून परीक्षा देऊन त्यांनी शिक्षकाची पात्रता मिळवली आणि १८८० च्या आरंभी बोरोव्हस्क या गावी ते अंकगणित व भूमितीचे शिक्षक झाले. ज्या घरी भाडेकरू म्हणून उतरले त्या धर्मगुरूंच्या वारवारा या मुलीशी त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. लग्नाच्या दिवशी नवरदेव कातयंत्र विकत घेऊन आले आणि विजेच्या यंत्रासाठी काचा कापीत बसले! वाचून हसू येते खरे. पण त्या घराचे पुढचे पंचावन्न वर्षांचे चित्र त्या एका दिवसात दिसून गेले होते, असेही वाटते.

आता मी अशा प्रसंगाकडे येते, जो मला या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८८१ च्या सुमारास त्सिओल्कोव्हस्की यांनी वायूंच्या गतीविषयी स्वतःचा एक सिद्धांत मांडला. वायू म्हणजे असंख्य धावते कण आणि उष्णता म्हणजे त्यांची धावपळ, या कल्पनेपासून सुरुवात करून त्यांनी सारे गणित रचले आणि सेंट पीटर्सबर्गच्या भौतिक-रसायन परिषदेकडे पाठवले. परिषदेत मेंडेलीव्ह यांच्यासारखे दिग्गज होते. उत्तर आले ते असे की, काम चांगले आहे, परंतु हे सारे सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले आहे. क्लॉसियस आणि मॅक्सवेल यांची नावे सगळ्या युरोपला ठाऊक होती. बोरोव्हस्कच्या मास्तरांपर्यंत ती पोचलीच नव्हती.

आपल्याकडे स्नेहसंमेलनांत व व्याख्यानांत पुष्कळदा सांगितले जाते की, खऱ्या बुद्धिमंताला शाळा-कॉलेज लागत नाही; अमुक एक थोर पुरुष शाळेतून काढलेला होता, तमुक एक नापास झाला होता. त्सिओल्कोव्हस्की यांचेही नाव त्या यादीत सहज बसेल. पण मला त्यांच्या आयुष्यातून नेमके उलटे दिसते. एका असामान्य माणसाच्या उमेदीचा काळ, जगाला आधीच माहीत असलेली गोष्ट पुन्हा शोधण्यात गेला. कारण हे झालेले आहे, तू पुढचे कर, असे सांगणारा कोणी त्याच्या शेजारी नव्हता. माझ्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. येथे आल्यावर मला जे मिळाले ते केवळ पुस्तक नव्हे; कोणते पुस्तक आधी वाचावे आणि कोणते वाचून झाले की पुढे कोठे वळावे, हे सांगणारी माणसे मिळाली. ज्यांच्या घरी अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत त्यांना याची किंमत कदाचित जाणवत नसेल. बोरोव्हस्कच्या मास्तरांना ती नक्की जाणवली असेल.

त्यांनी मात्र खचून न जाता नवे विषय हाती घेतले. १८८३ साली त्यांनी रोजनिशीच्या रूपात एक टिपण लिहिले. जेथे वजन नाही, जमीन नाही, हवा नाही, अशा मोकळ्या अवकाशात माणूस कसा हालचाल करील, याचा त्यात विचार होता. काहीतरी मागे फेकल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे तत्त्व तेथेच आले. त्याच काळात धातूच्या पत्र्याच्या मोठ्या हवाई जहाजाचा ध्यास त्यांनी घेतला आणि तो जन्मभर सोडला नाही. त्या विषयावर ते १८८७ साली मॉस्कोला जाऊन बोलूनही आले. पण परतल्यावर थोड्याच दिवसांत घराला आग लागली आणि हस्तलिखिते, नमुने सारे जळून गेले. १८९२ साली त्यांची बदली कालुगा शहरी झाली आणि उरलेले आयुष्य तेथेच गेले. पुढे १९०८ मध्ये ओका नदीला पूर आला, तेव्हा या घरातही पाणी शिरले. अग्नी आणि पाणी दोहोंनी या माणसाच्या कागदांची परीक्षा पाहिली.

कालुग्यात १८९७ साली त्यांनी हवेचा झोत सोडून वस्तूंवरील दाब मोजण्याचे यंत्र बनवले. रशियातल्या पहिल्या काही वातविवरांपैकी ते एक. विज्ञान अकादमीने या प्रयोगांसाठी त्यांना ४७० रुबल दिले. क्रांतीपूर्वीच्या साऱ्या हयातीत सरकारी विद्वत्‌संस्थेकडून मिळालेली मदत ती एवढीच. आणि त्याच १८९७ च्या मे महिन्यातील एका कागदावर त्यांच्या हातचे ते सूत्र आहे, जे आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.

ते सूत्र काय सांगते, हे शेतकऱ्याच्या घरातही समजेल अशा भाषेत सांगता येते. अग्निबाणाच्या शेपटीतून वायू एका ठरावीक वेगाने बाहेर पडतो. अग्निबाणाला स्वतःलाही तेवढाच वेग यायचा असेल, तर भरलेल्या अग्निबाणाचे वजन रिकाम्याच्या सुमारे २.७ पट हवे. दुप्पट वेग हवा असेल तर सुमारे ७.४ पट. तिप्पट हवा तर २० पट, आणि चौपट हवा तर जवळजवळ ५५ पट. वेग बेरजेने वाढतो, वजन गुणाकाराने वाढते. सावकाराचे चक्रवाढ व्याज ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा हिशेब नवा नाही. इंधन वाहून नेण्यासाठी आणखी इंधन, आणि ते नेण्यासाठी आणखी! पृथ्वीभोवती फिरत राहण्यासाठी सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर वेग लागतो. बंदुकीच्या दारूने ते साधणे अशक्यच.

या कर्जातून सुटण्याच्या दोन वाटा. पहिली, वायू अधिक वेगाने बाहेर फेकणे. त्यासाठी त्यांनी द्रवरूप हायड्रोजन व द्रवरूप ऑक्सिजन सुचवले. दुसरी, रिकामे झालेले वजन वाटेतच टाकून देणे, म्हणजे एका अग्निबाणावर दुसरा व त्यावर तिसरा. या दुसऱ्या वाटेचे सविस्तर गणित त्यांनी १९२९ साली अग्निबाणांच्या आगगाडीवरील पुस्तिकेत मांडले. श्रीहरिकोट्याचे सहाशे टनांचे कोडे येथे सुटते. ‘चांद्रयान-३’ नेणाऱ्या अग्निबाणाला टप्पे होते, आणि त्याच्या अखेरच्या टप्प्यात जळत होते ते द्रव हायड्रोजन व द्रव ऑक्सिजनच. हे अतिथंड इंधन हाताळण्याचे तंत्र आपल्या शास्त्रज्ञांनी किती कष्टाने मिळवले ते सर्वश्रुत आहे. भारतीय बनावटीचे तसे इंजिन घेऊन पहिले यशस्वी उड्डाण ५ जानेवारी २०१४ रोजी झाले.

वेग आणि वजन यांचे असे गणित इंग्लंडमध्ये विल्यम मूर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच केले होते, आणि वजन बदलत जाणाऱ्या वस्तूच्या गतीवर खुद्द सेंट पीटर्सबर्गमध्ये मेश्चेर्स्की यांनी १८९७ मध्येच प्रबंध प्रसिद्ध केला होता. पण त्या गणिताचा उपयोग करून पृथ्वी सोडून जाता येईल, हे दाखवण्याचा मान कालुग्याच्या मास्तरांचा.

१९०३ च्या मे महिन्यात त्यांचा लेख एका रशियन विज्ञानविषयक मासिकात छापून आला. त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. पुढच्याच महिन्यात संपादक फिलिप्पोव्ह यांचा आपल्या प्रयोगशाळेत संशयास्पद रीतीने मृत्यू झाला आणि लेखाचा पुढचा भाग तसाच राहिला. तो प्रसिद्ध व्हायला १९११-१२ साल उजाडावे लागले. त्यानंतर मात्र याकोव्ह पेरेलमान यांच्यासारख्या लेखकांनी या कल्पना सामान्य वाचकांपर्यंत नेल्या.

ज्या वर्षांत हे सारे लिहिले जात होते त्या वर्षांत त्या घरात काय चालले होते? १९०२ साली मॉस्को विद्यापीठात शिकणारा थोरला मुलगा इग्नाती याने आत्महत्या केली. त्याआधी एक मुलगा तान्हेपणीच गेला होता. पुढे इव्हान गेला, अन्ना क्षयाने गेली, आणि १९२३ साली अलेक्सांद्र यानेही स्वतःचा अंत करून घेतला. सात मुलांपैकी पाच बापाच्या डोळ्यांदेखत गेली. ल्युबोव्ह आणि मारिया या दोन मुली तेवढ्या राहिल्या. मास्तरांच्या तुटपुंज्या पगारातूनच पत्रा, हत्यारे आणि पुस्तिकांची छपाई निघे. पुष्कळ पुस्तिका त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापल्या. चरित्रकार याला त्याग म्हणतात. पण त्याग करणाऱ्याला निदान स्वप्नाचा आनंद मिळतो. वारवाराबाईंना काय मिळाले? त्यांनी आयुष्यभर शिवले, रांधले, आजारी मुलांच्या उशाशी रात्री काढल्या आणि पाच जणांना माती दिली. अंतराळयुगाच्या इतिहासात त्यांचे नाव एखाद्या ओळीपुरते येते. मला ती ओळ ओलांडून पुढे जाववत नाही. ल्युबोव्ह मात्र शिकली, क्रांतिकार्यासाठी १९११ साली पकडली गेली, आणि नंतर वडिलांच्या लेखनकार्यात त्यांची मदतनीस झाली.

त्सिओल्कोव्हस्की यांची दुसरी एक बाजूही झाकून ठेवू नये. ते केवळ गणिती नव्हते. विश्वातील प्रत्येक अणूला संवेदना असते असे मानणारे तत्त्वचिंतक होते. माणसाने अवकाशात वस्ती करून दुःखमुक्त व्हावे, हे त्यांचे स्वप्न. पण त्यासाठी निवडक माणसांचीच संतती वाढवावी आणि अपूर्ण वाटणारे जीवन क्रमाक्रमाने नाहीसे करावे, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. ज्याला समाजाने बहिरा म्हणून बाजूला सारले, त्यानेच अपूर्णांना वगळून सुखी जग रचावे, याचे आश्चर्य वाटते आणि खेदही होतो. विसाव्या शतकाने अशा विचारांची फळे पाहिली आहेत. थोर माणसाची प्रत्येक गोष्ट शिरोधार्य नसते.

१९१७ ची क्रांती झाली. नव्या राजवटीने १९१८ मध्ये त्यांना समाजवादी अकादमीचे सदस्य केले आणि १९१९ च्या नोव्हेंबरात त्याच राजवटीच्या गुप्त पोलिसांनी संशयावरून त्यांना मॉस्कोच्या लुब्यांका तुरुंगात नेले! सुमारे दोन आठवड्यांनी सुटका झाली. १९२१ साली त्यांना आजन्म निवृत्तिवेतन मिळाले. १९२३ मध्ये जर्मनीत हेर्मान ओबर्थ यांचे अवकाशप्रवासावरील पुस्तक निघाले आणि रशियात एकच खळबळ उडाली, कारण त्यातले कितीतरी विचार कालुग्यात वीस वर्षांपूर्वी छापलेले होते. दुसऱ्याच वर्षी त्यांनी आपला १९०३ चा लेख पुन्हा छापला, तोही जर्मन प्रस्तावनेसह. ओबर्थ यांनी पुढे पत्राने त्यांचा आदर व्यक्त केला. अमेरिकेत रॉबर्ट गॉडार्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडवला. तो अडीच सेकंद उडाला आणि साडेबारा मीटरांपर्यंत चढला. त्सिओल्कोव्हस्की यांनी स्वतः मात्र एकही मोठा अग्निबाण कधी उडवला नाही. त्यांचे सारे उड्डाण कागदावरचे.

अखेरच्या वर्षांत देशभरातून तरुणांची पत्रे येत. सेर्गेई कोरोल्योव्ह यांच्या पिढीला त्यांच्या लेखनाने झपाटले होते. १९३२ मध्ये पंचाहत्तरीनिमित्त मोठा सत्कार झाला. १ मे १९३५ रोजी मॉस्कोच्या लाल चौकात जमलेल्या जनसमुदायाला त्यांचे ध्वनिमुद्रित भाषण ऐकवण्यात आले. स्वतः बनवलेला पत्र्याचा कर्णा कानाला लावून समोरच्याचे बोलणे कसेबसे ऐकणाऱ्या माणसाचा आवाज त्या दिवशी हजारोंनी ऐकला. त्याच वर्षी १९ सप्टेंबर रोजी पोटाच्या कर्करोगाने त्यांचे कालुग्यात निधन झाले.

१७ सप्टेंबर १९५७ रोजी त्यांची जन्मशताब्दी साजरी झाली. त्या समारंभात कोरोल्योव्ह यांनी भाषण केले आणि बरोबर सतरा दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, त्याच कोरोल्योव्हांचा ‘स्पुटनिक’ पृथ्वीभोवती फिरू लागला. १९५९ साली ‘लुना-३’ ने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची छायाचित्रे घेतली, तेव्हा तेथील एका मोठ्या विवराला त्यांचे नाव देण्यात आले. कालुग्याच्या संग्रहालयाची कोनशिला १९६१ मध्ये गागारीन यांच्या हस्ते बसली. आपला ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी आणि आपले राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी अंतराळात गेले, तेही रशियन अग्निबाणांतूनच.

परंतु मान मोठा म्हणून मार्ग सोपा होत नाही. पूर्व रशियातील नव्या उड्डाणतळाजवळच्या शहराला २०१५ साली त्सिओल्कोव्हस्की हे नाव मिळाले. त्याच तळावरून निघालेले ‘लुना-२५’ १९ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर कोसळले आणि चारच दिवसांनी आपले ‘विक्रम’ तेथे अलगद उतरले. सूत्र सर्वांना सारखेच लागू आहे. ते ना नावाकडे पाहते, ना देशाकडे. भारतीय माणसे घेऊन जाणाऱ्या ‘गगनयाना’चा अग्निबाणही याच सूत्राने मोजून बांधावा लागतो.

मोठी उड्डाणे आपण दूरदर्शनवर पाहतो. ती पाहताना आपले डोळे ज्वाळेवर असतात, आणि ते साहजिक आहे. पण त्या ज्वाळेमागे एक ग्रंथालय आहे, ज्याचे दार एका गरीब बहिऱ्या मुलासाठी फुकट उघडे होते. तीन वर्षे उघडे होते म्हणून एवढे झाले. त्या दारानंतर आणखी एखादे दार उघडे असते तर त्या माणसाची उमेदीची वर्षे वाया गेली नसती, आणि कदाचित त्या घरातला काळा पावही थोडा कमी काळा झाला असता. खेड्यापाड्यांतून आलेल्या, ऐकू न येणाऱ्या, उशिरा शिकू लागलेल्या मुलामुलींसाठी आपण किती दारे उघडी ठेवतो, यावर पुढचे अग्निबाण कोठपर्यंत जातील ते ठरणार आहे.